कोंबडीच्या आतड्याची गोष्ट : अँटिबायोटिकपासून यीस्टपर्यंत

"डॉक्टर, ब्रॉयलर खाल्लं तर चालेल ना? त्यांना म्हणे इंजेक्शनं देऊन फुगवतात!" हा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो तो निवडक जातीमुळे आणि खाद्यामुळे. हार्मोनच्या इंजेक्शनांची गोष्ट ही अफवा आहे. मात्र कोंबडीच्या खाद्यात काय घातले जाते, याचा तुमच्या-माझ्या औषधांशी जवळचा संबंध आहे. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

शोधत होते जीवनसत्त्व, सापडले भलतेच

अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक सापडले आणि १९४८ मध्ये जाहीर झाले. तेव्हा तिथले संशोधनप्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. तिथेच ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना चारला. पिल्ले अपेक्षेपेक्षा भराभर वाढली, कारण चोथ्यात थोडे अँटिबायोटिक शिल्लक होते. पुढे जगभर निरोगी कोंबड्यांनाही रोज अल्प मात्रेत अँटिबायोटिक देण्याची पद्धत पडली.

धोका कुठे होता?

अल्प मात्रेत सगळे जंतू मरत नाहीत. जे चिवट असतात ते उरतात आणि वाढतात. ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्येच याबद्दल सावध केले होते. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी अँटिबायोटिक देणे बंद केले आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघाने. २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिन या औषधाला दाद न देणारे, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक सापडले. कोलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागात इतर औषधे थकल्यावर आम्ही काढतो ते शेवटचे अस्त्र! भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये पशुपक्ष्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली.

मग यीस्ट कसे आले?

१९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू नवजात पिल्लांना दिले, तर साल्मोनेला त्यांच्या आतड्यात सहज ठाण मांडू शकत नाही. म्हणजे जंतू मारण्याऐवजी चांगल्या जंतूंनी जागा अडवायची. याच विचारातून १९९०च्या दशकात यीस्टचे घटक खाद्यात येऊ लागले.

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. साखर कारखान्याच्या मळीवर ती उत्तम वाढते. तिच्या पेशीभित्तीत मॅनन आणि बीटा-ग्लुकन ही दोन द्रव्ये असतात. ई. कोलाय, साल्मोनेला हे जंतू बारीक तंतूंनी आतड्याच्या अस्तरावरच्या मॅनोज साखरेला चिकटतात. खाद्यात मॅनन असले की काही जंतू त्यालाच धरून बसतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. बीटा-ग्लुकन प्रतिकारशक्तीला जागे ठेवते. जुलाबात आम्ही कधी कधी देतो ती बोलार्डीची पुडी याच यीस्टच्या कुळातली. फ्रेंच शास्त्रज्ञ बोलार्ड यांना ती १९२०च्या दशकात इंडोचायनामध्ये फळांच्या सालीवर सापडली.

यीस्ट जादू नव्हे. त्याचे परिणाम फार्मनुसार कमी-जास्त दिसतात. कोरडे तूस, स्वच्छ पाणी, खेळती हवा आणि लसीकरण नसेल, तर नुसत्या यीस्टने काही होत नाही.

खानदेशाचा धडा

युरोपात बंदी लागू झाली त्याच वर्षी, फेब्रुवारी २००६ मध्ये, नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला. हा तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही लागण सापडली. लाखो पक्षी नष्ट करावे लागले, अनेक कुटुंबांचा धंदा बुडाला. बर्ड फ्लू हा विषाणू आहे. त्यावर अँटिबायोटिकही चालत नाही आणि यीस्टही नाही. तिथे उपयोगी पडते ती स्वच्छता, बाहेरच्यांना फार्मबंदी आणि मेलेल्या पक्ष्यांची तत्काळ खबर.

तुम्ही काय कराल?

• चिकन आतपर्यंत नीट शिजवा. सगळीकडे ७० अंश सेल्सिअस उष्णता पोचली की बर्ड फ्लूचा विषाणू आणि साल्मोनेला मरतात.
• कच्चे चिकन कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कांदा-कोथिंबिरीला वापरू नका. हातही साबणाने धुवा.
• पोल्ट्री असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. दिलेच तर सांगितलेले दिवस उलटल्यावरच पक्षी विका.
• आणि स्वतःसाठीही तोच नियम! सर्दी-पडशाला मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणू नका. सर्दीही विषाणूचीच असते. चिवट जंतू फक्त पोल्ट्रीत तयार होत नाहीत, आपल्या घरातही होतात.