कोब्रा प्रतिकृती मोटारींमधील इंजिन शीतन

कोब्रा प्रतिकृती मोटारींमधील इंजिन शीतन ही 'एसी कोब्रा' या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर, सुट्या भागांच्या संचातून (किट) बांधल्या जाणाऱ्या मोटारींमध्ये इंजिनाचे तापमान मर्यादेत ठेवणारी व्यवस्था आहे. पाण्याचा पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा आणि त्यांना जोडणारे होस पाइप हे तिचे मुख्य घटक होत. कारखान्यात तयार झालेल्या मोटारीत हे घटक एकमेकांसाठीच आखलेले असतात. किट कारमध्ये मात्र ते वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात व त्यांचा मेळ बांधणाऱ्यालाच घालावा लागतो. त्यामुळे अशा मोटारीतील इंजिन तापण्याचे कारण पुष्कळदा भाग झिजण्यात नसून जुळणीत असते.

पार्श्वभूमी

मूळ कोब्रा १९६२ साली अमेरिकन शर्यतपटू कॅरॉल शेल्बी यांच्या पुढाकाराने तयार झाली. ब्रिटनमधील एसी कार्स कंपनीच्या 'एस' या हलक्या मोटारीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून ती घडवण्यात आली. मूळ मोटारी संख्येने थोड्या व अतिशय महाग असल्याने पुढे अनेक उत्पादकांनी तिच्या प्रतिकृतींचे संच विक्रीस आणले. त्यांत फोर्डचे ३०२ घन इंच (सुमारे ४.९ लिटर) क्षमतेचे व्ही-८ इंजिन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. हे इंजिन बहुधा जुन्या फोर्ड मस्टँगमधून काढलेले असते.

रचना व कार्य

पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढील बाजूस असून तो क्रँकशाफ्टवरील पुलीपासून पट्ट्याने फिरतो. पंप रेडिएटरच्या खालच्या होसमधून थंड शीतक ओढून सिलिंडर ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना ढकलतो. शीतक ब्लॉकमधून मागे जाते, मागील टोकाशी सिलिंडर हेडमध्ये चढते आणि पुढे परत येऊन थर्मोस्टॅटमार्गे रेडिएटरच्या वरच्या भागात पोहोचते. थर्मोस्टॅट साधारणतः ८२ ते ९१ अंश सेल्सियसला उघडू लागतो. तोपर्यंत शीतक लहान उपमार्गाने इंजिनातच फिरत राहते.

शीतक दाबाखाली ठेवले जाते. समुद्रसपाटीला साधे पाणी १०० अंशांना उकळते, तर सुमारे १ बार दाबाच्या टोपणाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. इथिलीन ग्लायकॉल मिसळल्यास ही मर्यादा आणखी वाढते. म्हणून टोपणाची सैल झालेली स्प्रिंग किंवा झिजलेले रबरही इंजिन उकळण्यास कारण ठरू शकते.

पंपाच्या फिरण्याची दिशा

जुन्या ३०२ इंजिनांत पंप 'व्ही' आकाराच्या पट्ट्यावर, क्रँकशाफ्टच्याच दिशेने फिरतो. १९८० च्या दशकातील मस्टँगमध्ये सर्व उपकरणांना मिळून एकच लांब सर्पाकृती पट्टा असतो. त्याची सपाट पाठ पंपाच्या पुलीवरून जाते, त्यामुळे पंप उलट दिशेने फिरतो. दोन्ही पंप बाहेरून जवळजवळ सारखे दिसत असले, तरी त्यांच्या आतील पंख्यांची (इंपेलर) रचना वेगळी असते.

चुकीच्या दिशेचा पंप बसवल्यास प्रवाह पूर्ण थांबत नाही, फक्त बराच कमी होतो. हाच दोष ओळखण्यास अवघड असतो. उभ्या गाडीत तापमान ठीक दिसते, पण भार पडताच ते चढू लागते आणि पंप नवा असल्याने त्याच्यावर संशय जात नाही. पट्ट्याची खाचांची बाजू पंपाच्या पुलीवर आहे की सपाट पाठ, एवढे पाहून आणि पंप कोणत्या दिशेचा आहे हे ताडून खात्री करता येते.

हवा अडकणे

कोब्राचे नाक बुटके असल्याने रेडिएटर तिरपा व खाली बसतो आणि त्याचे तोंड इंजिनातील शीतकाच्या सर्वोच्च पातळीपेक्षा खाली राहू शकते. अशा वेळी रेडिएटर काठोकाठ भरूनही सिलिंडर हेडमध्ये हवा अडकून राहते. तापमानाचा संवेदक या हवेत आला, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवू शकतो. उपाय म्हणून भरण्याचे तोंड किंवा विस्तार टाकी सर्वांत उंच ठिकाणी बसवतात आणि मोटारीचे नाक उंच करून शीतक भरतात.

लक्षणांवरून निदान

• गर्दीत किंवा उभी असताना तापते, वेगात थंड होते: रेडिएटरमधून हवा कमी जाते. पंखा, त्याचा स्विच व रिले तपासावा. विजेच्या तारा उलट जोडल्यास पंखा हवा उलट फेकतो. रेडिएटरमागे बसवलेला पंखा चालू असताना पुढे धरलेला कागद जाळीकडे ओढला गेला पाहिजे.

• वेगात किंवा चढावर तापते: शीतकाचा प्रवाह कमी पडतो. पंपाची दिशा, पट्ट्याचा ताण व रेडिएटरमधील गाळ पाहावा. खालचा होस पंपाच्या ओढीने चपटा होत नाही ना, हेही तपासावे.

• वरचा होस गरम, खालचा गार: थर्मोस्टॅट पुरेसा न उघडणे, रेडिएटर तुंबणे किंवा पंप न ढकलणे ही संभाव्य कारणे होत.

• पंपाखालील लहान छिद्रातून शीतक ठिबकते: पंपाचे सील गेले आहे. पुली हलत असल्यास बेअरिंगही झिजलेले असते. दोन्हीही पंप बदलण्याची खूण आहे.

• शीतकात सतत बुडबुडे येतात: हेड गॅस्केटमधून ज्वलनवायू शिरत असण्याची शक्यता असते. हे वायू रासायनिक द्रवाचा रंग बदलतो का, यावरून ओळखतात.

• इंजिन पुन्हा बांधल्यापासूनच तापते: हेड गॅस्केट उलटे बसले असू शकते. या इंजिनात गॅस्केटवरील 'फ्रंट' ही खूण पुढे यावी लागते. ते उलटे बसल्यास शीतक पुढूनच हेडमध्ये चढते आणि मागील सिलिंडरांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही.

शीतन व्यवस्था निर्दोष असूनही इग्निशनची ठिणगी उशिरा पडत असल्यास किंवा मिश्रणात पेट्रोल कमी असल्यास इंजिन तापू शकते. त्यामुळे पातळी, टोपण, हवा, पंखा व टायमिंग या सोप्या तपासण्या आधी आणि पंप उतरवणे शेवटी, असा क्रम सोयीचा ठरतो.

सुरक्षितता

इंजिन गरम असताना टोपण उघडू नये. दाब एकदम उतरल्याने शीतक उसळून गंभीर भाजू शकते. इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले शीतक मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे.