टाळूचा वास

तेलपाणी झालेलं, धुरी दिलेलं बाळ दुपट्यात गुंडाळून कुणाच्या मांडीवर दिलं, की घेणाऱ्याचं नाक मिनिटाभरात त्याच्या टाळूला टेकतं. आजी असो, मावशी असो, नाहीतर बाळाला घ्यायला घाबरणारा काका असो. खोबरेल, ओवा-वावडिंगाचा धूर, मानेच्या वळीत साचलेल्या दुधाचा आंबूसपणा हे सगळं ओळखू येतं. त्याखाली आणखी एक वास असतो. त्याला आपण ‘जावळाचा वास’ म्हणतो खरं, पण जावळ काढल्यावरही तो तिथेच असतो.

या हुंगण्याचं कूळ शोधायला गेलं तर ते थेट गृह्यसूत्रांपर्यंत जातं. महाराष्ट्रातल्या ऋग्वेदी घरांत मुंजी-लग्नं ज्याच्या आधाराने लागतात, त्या आश्वलायन गृह्यसूत्रात एक छोटासा विधी आहे. प्रवासाहून परतलेल्या बापाने मुलाचं डोकं हातांत धरायचं, मंत्र म्हणायचा आणि माथा तीनदा हुंगायचा. याला शब्द आहे अवघ्राण. घ्रा म्हणजे वास घेणं, अव म्हणजे खाली. वाकून घेतलेला वास. देवाला वाहायचं फूल हुंगू नये म्हणून आपण पोरांच्या हातावर चापट मारतो, आणि इथे हुंगणं हाच संस्कार!

रामायण-महाभारतात तर हे पावलोपावली आहे. विश्वामित्राच्या हवाली करण्याआधी दशरथ रामाचा माथा हुंगतो. महाभारतातली शकुंतला भर दरबारात दुष्यंताला सुनावते की, परगावाहून आलेली साधी माणसंसुद्धा मुलांना मांडीवर घेऊन त्यांचे माथे हुंगतात, आणि तू ओळखही दाखवत नाहीस. शेवटी तो पोराला आपला म्हणतो, तेव्हा तोही तेच करतो. १९०७ साली ई. वॉशबर्न हॉपकिन्स या अमेरिकी संस्कृतज्ञाने प्राचीन भारतातल्या या हुंगण्यावर एक सबंध लेखच लिहिला. त्याने त्याला चुंबनाचाच एक प्रकार मानलं. थायलंडमध्ये आजही गालाला नाक लावून श्वास ओढतात, आणि त्या क्रियेला शब्दही ‘सुगंधा’चाच वापरतात.

पण मला सगळ्यांत बोलका वाटतो तो पारस्कर गृह्यसूत्रातला तपशील. तिथे बाप मुलाला म्हणतो, गाईंच्या हिंकाराने मी तुला हुंगतो. हिंकार म्हणजे वासराला चाटताना गाय घशातल्या घशात जो हुंकार देते, तो. बापाने त्या घटकेपुरतं गाय व्हायचं! ‘वात्सल्य’ हा शब्दही याच गोठ्यातला. वत्स म्हणजे वासरू, वत्सला म्हणजे वासरासाठी जीव टाकणारी. आपण तो शब्द इतका सोवळ्यात ठेवला आहे की त्याला शेणा-चिकाचा वास आहे हे विसरूनच गेलो.

गोठ्यातली ही माया चालते नाकावर. व्यालेली गाय वासराला चाटून कोरडं करते आणि चाटता चाटता त्याचा वास मनात ठेवते. शेळीच्या बाबतीत तर १९६४ मध्ये क्लॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घड्याळ लावून पाहिलं. करडू जन्मताच पाच मिनिटं आईजवळ राहिलं, तर नंतर काही वेळ दूर नेलं तरी ती त्याला परत घेते. तेवढीही भेट झाली नाही, तर शिंग मारून हाकलते. मेंढपाळांची जुनी युक्ती यावरच बेतलेली. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचं, म्हणजे मेंढी त्याला पाजते.

माणसाची बाई अशी शिंग मारत नाही. तिचं नाक मात्र कमी नाही. १९८७ साली इस्रायलमध्ये काइट्झ आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की बाळ तासभरसुद्धा जवळ न राहिलेल्या बहुतेक आया केवळ वासावरून आपल्या बाळाचं कापड ओळखतात. २०१३ मध्ये लुंडस्ट्रॉम यांच्या चमूने दोन दिवसांच्या बाळांच्या झबल्यांचा वास तीस बायकांना दिला. त्यातल्या निम्म्या कधीच आई न झालेल्या होत्या, आणि बाळं कुणाचीच ओळखीची नव्हती. तरी मेंदूतला, सुखाची बक्षिशी वाटणारा भाग दोन्ही गटांत जागा झाला, बाळंतिणींमध्ये जास्त.

२०२१ मध्ये इस्रायलच्याच वाइझमन संस्थेतून आलेली बातमी याहून चमत्कारिक आहे. बाळाच्या डोक्यावरून उडणाऱ्या द्रव्यांत हेक्झाडेकॅनल नावाचं एक भरपूर सापडतं. माणसाला त्याचा वास असा जाणवतही नाही. प्रयोगात मात्र ते हुंगलेले पुरुष कमी आक्रमक झाले, बायका जास्त. बाप निवला आणि आई चवताळली, तर पोराचा दोन्हीकडून फायदाच, असा संशोधकांचा तर्क. तर्कच तो, पण प्रवासाहून धुळीने माखून, वैतागून आलेल्या बापाला आधी पोराचा माथा हुंगायला लावणारा सूत्रकार मला आठवला खरा.

आईसाठी या सूत्रांत असा विधी नाही. ती दिवसातून दहादा हुंगतच असणार, तिला कोण शिकवणार? मुलीच्या वेळी मात्र सूत्रकारांनी हात आखडता घेतला. तिचाही माथा हुंगायचा, पण मंत्र नाही, गुपचूप.

आता मंत्र कुणालाच येत नाही. रात्रीच्या गाडीने उतरून दबक्या पावलांनी घरात शिरलेला बाप झोपलेल्या पोराच्या टाळूला नाक लावतो, तो मुलगा असो की मुलगी, तसाच, गुपचूप.