टेम्पो, डीसीएम, छोटा हाथी

महाराष्ट्रात माल वाहणारी लहान गाडी कुठल्याही कारखान्यातून आलेली असो, ती टेम्पो. दिल्लीत आणि उत्तर प्रदेशात त्याहून थोड्या मोठ्या गाडीला डीसीएम म्हणतात. अपघाताच्या बातमीत तिथली वृत्तपत्रे ‘डीसीएमची धडक’ असे लिहून मोकळी होतात, गाडी आयशरची होती की टाटाची हे विचारायला कोणी जात नाही. दोन्ही शब्द मुळात कंपन्यांची नावे आहेत. टेम्पो हॅम्बुर्गचा. डीसीएम म्हणजे दिल्ली क्लॉथ मिल्स, १८८९ साली स्थापन झालेली आणि जुन्या दिल्लीच्या तटाबाहेर बाडा हिंदूराव या वस्तीत उभी राहिलेली कापडगिरणी. बाजारात एखादी गाडी जवळजवळ एकटीच असते, तेव्हा तिचे विशेषनाम असे सामान्यनाम होते. म्हणून ही नावे म्हणजे गिऱ्हाइकाला निवड नव्हती त्या काळाच्या खुणा आहेत. चार गाड्या शेजारी उभ्या करून, त्यांचे हौदे मापून, भार आणि अ‍ॅव्हरेज ताडून एक निवडायची, ही रीत या धंद्यात फार उशिरा आली.

वस्तीला नाव देणारे हिंदूराव हे कागलच्या घाटगे घराण्यातले जयसिंगराव. सर्जेराव घाटग्यांचे हे चिरंजीव, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. मार्च १८३५ मध्ये दिल्लीतला इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याचा खून झाला आणि त्याचा टेकडीवरचा बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला. त्याच टेकडीवर आज त्यांच्या नावाचे रुग्णालय आहे. टेकडीच्या दक्षिणेला, सदर बाजाराला लागून, बाडा हिंदूराव. हिंदीतला हा बाडा मराठी वाड्याचाच भाऊबंद.

अवजड वस्तू हलवण्याच्या आठवणी या टेकडीला मुबलक आहेत. रुग्णालयाजवळचा अशोकस्तंभ फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात मेरठहून आणवला. त्याच सुलतानाने तोपऱ्याहून आणलेल्या दुसऱ्या स्तंभाची हकीकत शम्स सिराज अफीफने लिहून ठेवली आहे: बेचाळीस चाकांचा गाडा, प्रत्येक चाकाला दोर, एकेका दोराला दोनशे माणसे, आणि यमुनेच्या काठापासून पुढे होड्या. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांनी हिंदूरावांच्या बंगल्यात मोर्चा धरला होता. दिल्लीचा तट फोडायच्या जड तोफा ४ सप्टेंबरला पंजाबातून आल्या, त्या हत्तींनी ओढत. मागे दारूगोळ्याच्या शेकडो बैलगाड्या होत्या. माऱ्याच्या टप्प्यात मात्र तोफा बैलांच्या हवाली करायच्या, अशी त्या काळच्या तोफखान्याची पद्धत होती, कारण गोळीबार सुरू झाला की हत्ती बिथरतो. लांबच्या मजलेला एक वाहन आणि शेवटच्या मैलाला दुसरे, ही विभागणी डिझेलच्या आधीची आहे.

बाडा हिंदूरावच्या आसपासचा भाग पाहिला की लहान गाडी कशासाठी लागते ते कळते. एका अंगाला सदर बाजारची घाऊक पेठ, दुसऱ्या अंगाला आझाद मार्केट, जिथे ताडपत्री, तंबूचे कापड आणि दोरखंड मिळतात. पलीकडे रोशनारा रोडवर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बुकिंग कचेऱ्या. घंटाघराजवळची जुनी सब्जी मंडी १९७७ मध्ये आझादपूरला हलली, पण मंडईबरोबर गल्ल्या काही रुंद झाल्या नाहीत. मोठा ट्रक कचेरीच्या दारापर्यंत येतो, तिथून दुकानापर्यंतचा माल अनेक वर्षे हातगाडी, बैलगाडी आणि हमालाची पाठ यांच्यावरच होता.

या मधल्या अंतरासाठी भारतात बनलेली पहिली यशस्वी मोटार म्हणजे टेम्पो. नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये ‘टेम्पो’ गाड्या बनवणाऱ्या हॅम्बुर्गच्या फिदाल कंपनीशी करार करून बजाज टेम्पो काढली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली, पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. जर्मनीत ‘हान्झेआट’ ही तीनचाकी तोवर बंद झाली होती. युद्धोत्तर हलाखीतून बाहेर पडलेल्या जर्मनांना आता चार चाके परवडत होती, आणि त्यांनी टाकलेली गाडी भारताच्या गल्ल्यांना नेमकी बसली. तिच्या नाकाडात पुढच्या एकुलत्या चाकावर सुमारे ४०० सीसीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन असे आणि तेच चाक गाडी ओढी. मागे नुसता हौदा, त्याच्याखाली ना शाफ्ट ना डिफरन्शियल. बैलगाडी वळेल तिथे ती वळे. धूर, आवाज आणि पायाशी इंजिनाची धग हे चालकाच्या वाट्याला. तीन चाकांवर वळणात तोल जाण्याची धास्तीही कायमची.

त्यानंतर आकुर्डीहूनच चारचाकी मॅटाडोर आली. तिलाही पुढच्या चाकांची ओढ असल्यामुळे हौद्याची जमीन खाली राहिली. हमालाच्या दृष्टीने हा गुण इंजिनापेक्षा मोठा होता, कारण पोते कमरेएवढे उचलायचे की छातीएवढे, यावर दिवसाची मेहनत ठरते. मॅटाडोरचेही सामान्यनाम झाले. महिंद्रने १९६५ पासून जीपच्या सांगाड्यावर हलक्या मालगाड्या बांधल्या, त्या जास्त दणकट आणि पेट्रोलला जास्त तहानलेल्या. एवढ्यावर यादी संपत होती. परवाना राज्यात कोणी किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी, तेव्हा ‘कोणती घ्यावी’ या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. नंबर कधी लागणार, हा खरा प्रश्न.

खरी तुलना पहिल्यांदा ऐंशीच्या दशकात शक्य झाली. सरकारने हलक्या ट्रकांसाठी जपानी सहकार्याला वाट दिली आणि पाठोपाठ चार जोड्या जमल्या: डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा आणि आल्विन-निस्सान. डीसीएमने आपला कारखाना गिरणीपासून दूर, यमुनेपार सूरजपूरला काढला. जपानी गाड्यांनी चालकाला नव्या सवयी लावल्या. गियर बोटाने पडू लागला, केबिन बंद आणि शांत झाली, तेल कमी लागू लागले. उत्तरेकडच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी डीसीएम उचलून धरली आणि कापडाच्या तीन अक्षरांना चाके लागली.

टाटांनी, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोने, याला १९८६ मध्ये ४०७ ने उत्तर दिले. ती जपानी गाड्यांइतकी गुळगुळीत नव्हती, पण सुटे भाग इथलेच आणि ते रस्त्याकाठच्या कुठल्याही गॅरेजात बसवता येणारे. त्यात १९८५ नंतर येन झपाट्याने महागला. जपानहून येणाऱ्या सुट्या भागांवर जुळणाऱ्या गाड्यांचे गणित त्याने विस्कटले. आल्विन-निस्सान महिंद्रकडे गेली. डीसीएम-टोयोटात नव्वदच्या दशकात कोरियाची देवू आली, आणि सूरजपुरात ट्रकांच्या जागी सिएलो मोटारी बनू लागल्या. बाडा हिंदूरावची गिरणी तोवर बंद पडली होती. मालगाडी घेणाऱ्याच्या डोक्यात या दशकाने एक निकष कायमचा ठोकला: आराम एका पारड्यात, सुटा भाग दुसऱ्यात, आणि दुसरे पारडे बहुतेक जड.

तरीही ४०७ गल्लीची गाडी नव्हती. अर्धा-पाऊण टनाचा माल अजून तीनचाकीवरच होता. १९९९ च्या सुमारास बारामतीच्या कारखान्यातून पिआजिओची डिझेल ‘आपे’ निघू लागली आणि एका सिलिंडरच्या या गाडीने छोट्या भाड्यांचा बाजार काबीज केला. टाटा मोटर्सला २०००–०१ या वर्षात सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला होता. फक्त मोठ्या ट्रकांवर विसंबणे महागात पडते, हे त्या तोट्याने दाखवले. पुण्यात गिरीश वाघ यांच्या पथकाकडे नवी लहान गाडी सोपवली गेली, आणि पथक कागदावर रेघा ओढण्याआधी तीनचाकीवाल्यांशी बोलत हिंडले. भार, वेग, तेल या अपेक्षित उत्तरांबरोबर एक अनपेक्षित उत्तर मिळाले. चार चाकांची गाडी असेल तर गावात लग्नाला मुलगी मिळणे सोपे जाईल, असे एका तरुणाने सांगितले. मालगाडीच्या निवडीत प्रतिष्ठेलाही भाव असतो, हे कुठल्याही तांत्रिक तक्त्यात सापडले नसते.

मे २००५ मध्ये ही गाडी ‘एस’ या नावाने बाजारात आली. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास, अधिकृत भार पाऊण टन. इंजिन दोन सिलिंडरांचे, ७०२ सीसीचे डिझेल. टाटांच्याच इंडिका मोटारीचे चार सिलिंडरांचे इंजिन मधोमध कापावे तसे. ताकद अवघी १६ अश्वशक्ती. हौदा सुमारे सात फुटांचा, आणि गाडी ४.३ मीटर त्रिज्येत वळणारी. पुढच्या चाकांनाही मोटारीसारखी नाजूक स्प्रिंग न देता सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे दिले होते. पाऊण टनाचे पासिंग असलेल्या गाडीत तेवढेच भरले जाईल, असे मानण्याइतके ते अभियंते भाबडे नव्हते. सुवर्ण चतुष्कोनाचे महामार्ग याच सुमारास तयार होत होते. मोठे ट्रक शहराच्या वेशीपर्यंत वेगाने येऊ लागले आणि वेशीपासून आतला माल लहान गाडीच्या वाट्याला आला. दोन वर्षांच्या आत लाख गाड्या खपल्या, आणि २००७ मध्ये उत्तराखंडात पंतनगरला तिच्यासाठी स्वतंत्र कारखाना निघाला. ‘छोटा हाथी’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. मराठीत गाडीच्या मालाच्या भागाला हौदा म्हणतात आणि हत्तीच्या पाठीवरच्या बैठकीलाही, त्यामुळे ते इथे शोभलेही.

मग स्पर्धा आली, आणि खरेदीआधी शोरूम हिंडण्याची रीत रुळली. महिंद्रने २०१० मध्ये चाकणहून मॅक्सिमो काढली. तिचे कॉमन-रेल इंजिन एसपेक्षा पुढचे होते, तरी ती टिकली नाही. २०१५ च्या जीतोला जास्त आयुष्य लाभले. ती जहीराबादला, म्हणजे पूर्वीच्या आल्विन-निस्सानच्या आवारात बनते. अशोक लेलँडने निस्सानच्या साथीने २०११ मध्ये दोस्त आणली, सव्वा टनाची आणि लांब हौद्याची. एस आणि मोठी पिकअप यांच्या मधली जागा तिने नेमकी हेरली. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र ‘पिकअप’ या शब्दाने बोलेरोच समजली जाते. टोमॅटोच्या क्रेट भरून घाट चढायचा तर तिला पर्याय नाही, असे शेतकरी मानतो. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये दिल्लीच्या दारात, गुरुग्रामला तयार होऊ लागली.

या गर्दीत कागदोपत्री निकषही शिरले. मोटार वाहन कायद्यानुसार ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. त्यामुळे गाडीचे स्वतःचे वजन आणि भार मिळून आकडा या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतो, हे जाणता खरेदीदार आधी पाहतो. भारत स्टेज-६ चे नियम एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर लहान डिझेल इंजिनांचा धूर गाळण्याचा खर्च परवडेनासा झाला. मारुतीने डिझेल सोडून दिले, टाटांनी एसला पेट्रोल इंजिन दिले. पंधरा वर्षे ‘डिझेलच घ्या’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकांना त्यामुळे सल्ला बदलावा लागला.

दिल्लीत हा बदल आणखी टोकाचा झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशापासून शहराच्या सार्वजनिक वाहतुकीत सीएनजी आला आणि पुढे लहान मालगाड्यांतही तो रुळला. इंधन स्वस्त, पण सिलिंडरांचे वजन भारातून वजा होते आणि पंपावरची रांग फेरीतून. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुण्यात वीस वर्षे राबवायची गाडी दिल्लीत दहा वर्षांत वसूल करायची, असा हिशेब झाला. त्याखेरीज गर्दीच्या वेळची प्रवेशबंदी होतीच. विजेवरच्या लहान मालगाड्यांना २०२१ मध्ये त्या बंदीतून सूट मिळाली. आदल्या वर्षीच्या धोरणाने त्यांना तीस हजारांपर्यंत अनुदानही देऊ केले होते.

एस ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा तिचा भार ६०० किलो आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. महिंद्रची झिओ २०२४ ची. जून २०२५ मध्ये टाटांनी एस प्रो ३.९९ लाखांपासून आणली, पुन्हा पाऊण टनाचीच, पण साडेसहा फुटांच्या हौद्याची आणि पेट्रोल, दुहेरी इंधन वा वीज अशा तिन्ही रूपांत. २००५ च्या एसच्या तुलनेत हौदा आखूड झाला आहे. सदर बाजारातून खोके नेणाऱ्याला त्याचे फारसे काही वाटणार नाही. आझाद मार्केटातून तंबूचे बांबू नेणाऱ्याला वाटेल. फाळका उघडा सोडून लांब माल बाहेर काढता येतो खरा, पण पोलीस अडवतो. विजेच्या गाडीला दुपारी फेऱ्या थांबवून चार्जिंग करावे लागते. उलट सकाळी इतर गाड्या बंदीमुळे उभ्या असताना ती दोन खेपा जास्त मारते. आणि जुन्या गाडीला भाव काय येईल हा प्रश्न दिल्लीत वेगळ्या रीतीने सुटतो: दहा वर्षे भरत आलेली डिझेल गाडी ना हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात विकली जाते. तिथला गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकतो, पाटे तपासतो आणि हौद्याच्या तळाला गंज किती चढला ते वाकून पाहतो.