बँकॉकला जाताय? टॅक्सीत बसण्याआधी या गोष्टी माहीत हव्यात

परदेशात विमानतळाबाहेर पडल्यावर फसवणूक होण्याची शक्यता असते. प्रवासी थकलेला असतो, भाषा नवी असते आणि भाड्याचा अंदाज नसतो. भारतीयांच्या आवडत्या बँकॉकमध्ये हा धोका कसा टाळायचा?

विमानतळावरून टॅक्सी कशी घ्यायची?
सुवर्णभूमी विमानतळावर अधिकृत टॅक्सीची रांग तळमजल्यावर असते. तिथल्या मशीनमधून स्लिप मिळते. त्यावर टॅक्सीची माहिती असते, म्हणून ती चालकाला देऊ नका, स्वतःकडे जपून ठेवा. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणाऱ्यांना सरळ नकार द्या.

भाडं किती?
लहान टॅक्सीचं मीटर 35 बाथपासून सुरू होतं. चालक मीटर न टाकता ठोक रक्कम सांगत असेल, तर दुसरी टॅक्सी बघा. विमानतळाचं शुल्क आणि टोल मात्र प्रवाशालाच द्यावा लागतो, ती फसवणूक नाही.

उबर चालतं का?
नाही. उबरने 2018 मध्ये आग्नेय आशियातला व्यवसाय ‘ग्रॅब’ला दिला. तिथे ग्रॅब आणि बोल्ट ही अॅप वापरली जातात. अॅपची नोंदणी भारतातच करा, कारण ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतो. कार्डाने पैसे देणार असाल तर बँकेच्या अॅपमधून परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.

गाडी आपलीच आहे हे कसं ओळखायचं?
नंबरप्लेटवरची अक्षरं थाई लिपीत असतात. त्यामुळे आकडे, गाडीचा रंग आणि चालकाचा फोटो जुळवा. स्वतःचं नाव आधी सांगू नका. ‘कुणाला न्यायला आलात?’ असं चालकाला विचारा. गाडीत बसल्यावर प्रवासाची लिंक घरी पाठवा.

‘ग्रँड पॅलेस आज बंद आहे’ म्हणाले तर?
ही जुनी युक्ती आहे. राजवाड्याजवळ कुणीतरी असं सांगतं आणि स्वस्त टुकटुकमधून थेट रत्नांच्या दुकानात नेलं जातं. तिथे खरेदीचा आग्रह होतो. राजवाडा सुरू आहे का, हे प्रवेशद्वारावर जाऊनच पाहा.

अडचण आली तर?
चालकाशी वाद घालू नका. गर्दीच्या ठिकाणी किंवा हॉटेलसमोर उतरा, गाडीच्या नंबरचा फोटो काढा आणि पर्यटक पोलिसांना 1155 वर फोन करा. हा नंबर निघण्याआधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.