पाऊस पडायच्या आधीच कॉम्प्युटरवर पूर! 'सिम्युलेशन' म्हणजे नेमकं काय?

जोराचा पाऊस झाला की नागपूरच्या हुडकेश्वर, नरसाळा, बेसा भागातल्या तुंबलेल्या लेआउटचे व्हिडिओ फिरू लागतात. खाली कमेंट ठरलेली असते, 'पूर्वी इथे पाणी साचत नव्हतं, आता का साचतं?'

याचं उत्तर शोधायचं एक साधन म्हणजे कॉम्प्युटर सिम्युलेशन. प्रत्यक्षात घडणारी गोष्ट आकड्यांत मांडायची आणि कॉम्प्युटरवर ती घडवून बघायची. जी व्यवस्था वेळेनुसार बदलत राहते, तिला 'डायनॅमिक सिस्टिम' म्हणतात. तलाव, साथीचा रोग, चौकातलं ट्रॅफिक, हवामान हे सगळं त्यात येतं.

आधी एक टाकी

समजा, गच्चीवर हजार लिटरची भरलेली टाकी आहे आणि खालचा नळ उघडा राहिला. पाणी जास्त तेवढा दाब जास्त, म्हणून धार मोठी. पाणी कमी झालं की धारही बारीक होते. सोपं जावं म्हणून धरू, की टाकीत त्या क्षणी असलेल्या पाण्याच्या १० टक्के, असा दर मिनिटाचा वेग आहे.

पहिल्या मिनिटानंतर ९०० लिटर उरतात. दुसऱ्या मिनिटाला १० टक्के या ९०० चे, म्हणून ८१०. मग ७२९. असं करत दहा मिनिटांनी साधारण ३४९ लिटर उरतात.

आता हेच गणित घाईत करू. मिनिटाला १००, म्हणजे दहा मिनिटांत हजार लिटर, टाकी रिकामी! उत्तर साफ चुकलं, कारण वेग मधल्या काळात बदलतोय हे आपण धरलंच नाही. उलट अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची पावलं टाकली तर उत्तर ३५८ च्या आसपास येतं. खरं उत्तर आहे ३६८. पाऊल जितकं छोटं तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ. ही पद्धत अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. कॉम्प्युटर वेगळी जादू करत नाही. अशी लाखो पावलं न कंटाळता टाकतो, एवढंच.

आता लेआउट

समजा, १० हेक्टरचा, म्हणजे साधारण २५ एकरांचा भाग आहे. तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिथे ६० लाख लिटर पाणी पडतं, मिनिटाला १ लाख लिटर. नाला मिनिटाला ६० हजार लिटर वाहून नेतो असं धरा. शेतं असताना ४० टक्के पाणी वाहत असेल तर नाल्यात ४० हजार लिटर येतात. काळजी नाही. स्लॅब आणि सिमेंट रस्ते झाल्यावर ८० टक्के वाहायला लागलं, तर मिनिटाला २० हजार लिटर उरतात. तासाभरात १२ लाख. ते एका हेक्टरच्या सखल भागात साचलं तर १२ सेंटिमीटर पाणी! पाऊस तोच, नालाही तोच.

अर्थात हे आकडे समजण्यापुरते, आणि इथपर्यंत कागद-पेनही पुरतो. खरी गुंतागुंत पुढे आहे. विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, पहिलं पाणी भराभर पिते. भिजून फुगली की फारसं घेत नाही. म्हणून जूनच्या पावसाचं उत्तर ऑगस्टला लागू पडत नाही. शिवाय पुढची नदी भरली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे फुगतं. मिनिटागणिक प्रत्येक आकडा दुसऱ्याला बदलतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरने हे अनुभवलं. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. अशा वेळी सिम्युलेशनला विचारता येतं: हाच पाऊस तलाव अर्धा रिकामा असताना झाला असता तर? पूल रुंद असता तर? खऱ्या शहरावर हा प्रयोग करून बघता येत नाही.

शहरातल्या पाण्यासाठी 'एसडब्ल्यूएमएम' हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते १९७१ मध्ये आणलं आणि ते आजही मोफत आहे. महाराष्ट्रात खडकवासल्याची, १९१६ पासूनची, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था धरणं-नद्यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून आणि कॉम्प्युटरवरही असे अभ्यास करते.

मग फसतं कुठे?

मॉडेलला जे सांगाल तेच त्याला माहीत. नकाशावर नाला तीन मीटर रुंद आणि प्रत्यक्षात त्यात बांधकामाचा मलबा पडलेला, तर स्क्रीनवर लेआउट कोरडाच दिसणार. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आलं. त्याआधी ग्रामपंचायत होती. अशा भराभर वाढलेल्या भागात जुना नकाशा आणि आजची जमीन यांत फरक पडणारच.

म्हणून मॉडेल आधी जुन्या पुरावर चालवून बघतात. त्या रात्री पाणी खरंच जिथपर्यंत चढलं, तिथपर्यंत ते चढवतं का? इथे भिंतीवरचे पाण्याचे डाग कामी येतात. आणि मोबाईलवरचे व्हिडिओही, फक्त त्यात गल्ली ओळखू यावी आणि तारीख-वेळ खरी असावी. 'फॉरवर्डेड' होऊन आलेल्या व्हिडिओतून नेमकी तीच माहिती गायब झालेली असते.