वेगवान गोलंदाजाची बढती आणि षटकांचा हिशेब

गुरुग्राम : दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा ही शहरे मेट्रोच्या एकाच जाळ्याने जोडलेली आहेत, क्रिकेटच्या नकाशावर मात्र ती तीन वेगळ्या राज्यांत पडतात. गुरुग्रामचा मुलगा सर्वसाधारणपणे हरियाणाच्या वयोगट संघासाठी निवडचाचणी देतो, यमुनेच्या अलीकडचा दिल्ली व जिल्हा क्रिकेट संघटनेच्या संघासाठी आणि नोएडा-गाझियाबादचा उत्तर प्रदेशासाठी. शिडी तिन्हीकडे सारखीच आहे. सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखालील विनू मंकड आणि कूचबिहार करंडक, त्यानंतर कर्नल सी. के. नायडू करंडक आणि शेवटी रणजी. या शिडीवरून एखादा फलंदाज वेळेआधी वर गेला तर फार तर धावा न करता खाली येतो. वेगवान गोलंदाजाला मात्र त्या घाईची किंमत कंबरेच्या मणक्यात मोजावी लागते. म्हणून त्याला किती लवकर पुढे न्यावे, हा प्रश्न निवड समितीइतकाच वैद्यकाचाही आहे.

राजधानी परिसरात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण मयंक यादव याचे आहे. १७ जून २००२ रोजी जन्मलेला हा दिल्लीचा गोलंदाज तारक सिन्हा यांच्या सॉनेट क्लबमध्ये घडला. लखनौ सुपर जायंट्सने २०२२ च्या हंगामासाठी त्याला २० लाख रुपयांच्या पायाभूत किमतीत घेतले. पुढचा हंगाम दुखापतीत गेला. ३० मार्च २०२४ रोजी पंजाब किंग्जविरुद्ध त्याने आयपीएलमध्ये पदार्पण केले, ताशी १५५.८ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला आणि २७ धावांत तीन बळी घेतले. दुसऱ्या सामन्यात बंगळुरूविरुद्ध १४ धावांत तीन बळी आणि वेग १५६.७. दोन्ही सामन्यांत तो सामनावीर ठरला. तिसऱ्या सामन्यात केवळ एक षटक टाकून तो मैदानाबाहेर गेला. पोटाच्या बाजूचा स्नायू दुखावला होता. ३० एप्रिलला मुंबईविरुद्ध तो परतला आणि आपले चौथे षटक पूर्ण न करताच पुन्हा बाहेर पडला. हंगामातील चार सामन्यांत सात बळी, एवढाच त्याचा हिशेब.

तरीही ६ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्वाल्हेर येथे बांगलादेशविरुद्ध त्याला भारताची टोपी मिळाली. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले त्याचे पहिलेच षटक निर्धाव होते. तीन सामन्यांच्या त्या मालिकेनंतर पाठीने दगा दिला. लखनौने त्याला ११ कोटी रुपयांना कायम राखले, पण २०२५ च्या हंगामात तो दोनच सामने खेळू शकला आणि त्यानंतर न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. भारताकडून खेळण्यापूर्वी त्याच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना होता.

वेगवान गोलंदाजाच्या पाठीत नेमके काय होते, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. चेंडू सोडण्याच्या क्षणी पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून अधिक भार पायातून कंबरेपर्यंत चढतो. त्याच क्षणी धड मागे आणि बाजूला वाकलेले, शिवाय पिळलेले असते. कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांच्या मागील बाजूस हाडाचा एक अरुंद पूल असतो. भार तेथे साचतो आणि त्याला बारीक तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. उजव्या हाताच्या गोलंदाजात हा तडा बहुधा डाव्या बाजूला आढळतो. हाडाची घनता विशीच्या मध्यापर्यंत वाढत राहते, त्यामुळे सर्वाधिक धोका किशोरवयापासून बाविशी-तेविशीपर्यंतच असतो. म्हणजे निवड समित्यांचे लक्ष ज्या वयाकडे असते, नेमका तोच काळ. भार अचानक वाढला तर दुखणे लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी उघड होते. त्यामुळे ज्या सामन्यात गोलंदाज लंगडतो, त्याच सामन्याला दोष देण्याची सवय बहुतेक वेळा चुकीची ठरते.

याचा अर्थ कमी गोलंदाजी करणे सुरक्षित, असाही नव्हे. हाड भाराला प्रतिसाद देत घट्ट होते. भार बेताने आणि सलग वाढला पाहिजे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने याच विचारातून वयानुसार षटकांची मर्यादा घातली. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलाला एका टप्प्यात पाच आणि दिवसात दहा षटके, तर अठरा-एकोणीस वर्षांच्या गोलंदाजाला टप्प्यात सात आणि दिवसात अठरा, असे ते प्रमाण अनेक वर्षे राहिले. टी-ट्वेंटीतली चार षटके या प्रमाणात नगण्य वाटतात. पण ती सर्व शक्ती पणाला लावून टाकलेली चोवीस चेंडूंची गोलंदाजी असते, आणि चार दिवसांच्या सामन्यांची सवय नसलेल्या शरीरावर ती एकदम येऊन आदळते.

हाच वाद अमेरिकेत बेसबॉलच्या पिचरविषयी शंभर पट अधिक पैसा आणि आकडेवारी ओतून घातला जातो. तेथील प्रत्येक मोठ्या क्लबच्या हाताखाली मायनर लीगचे संघ असतात. तळाशी नवोदितांची लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्यावर मेजर लीग. तरुण पिचरने एका पायरीवर किती हंगाम काढावेत, किती चेंडू टाकावेत, हे क्लब ठरवतो आणि प्रत्येक चेंडू मोजला जातो. पिचरचे दुखणे पाठीऐवजी कोपरात असते. आतील बाजूचा अस्थिबंध फाटला की १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी प्रथम केलेली आणि टॉमी जॉन या खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष खेळ बंद.

घाईची जुनी कथा तेथे डेव्हिड क्लाइड याची सांगितली जाते. जून १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सने शाळा संपवलेल्या या अठरा वर्षांच्या डावखुऱ्या पिचरला सर्वांत प्रथम निवडले आणि त्याच महिन्यात, मायनर लीगमध्ये एकही चेंडू न टाकता, थेट मेजर लीगच्या मैदानावर उतरवले. क्लबला प्रेक्षक हवे होते आणि त्या रात्री मैदान भरले. क्लाइडची मेजर लीग कारकीर्द १९७९ मध्ये, चोविशीत, संपली.

उलट टोकाची कथाही तेवढीच बोलकी आहे. स्टीफन स्ट्रासबर्गने ८ जून २०१० रोजी पदार्पणातच चौदा फलंदाज बाद केले आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये संघ बाद फेरीत जात असताना वॉशिंग्टन नॅशनल्सने ठरल्याप्रमाणे त्याला हंगामाच्या मध्येच थांबवले. टीकेचा भडिमार झाला. २०१९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला, मात्र त्यानंतर दुखापतींनी त्याला जवळजवळ खेळूच दिले नाही. सावधगिरीने काही वर्षे विकत मिळतात. हमी मिळत नाही.

मयंक यादवशी सर्वांत जवळची तुलना मात्र पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सशी होते. त्याचा जन्म २९ मे २००२ चा, म्हणजे दोघांच्या वयात तीन आठवड्यांचेही अंतर नाही. मयंकच्या आयपीएल पदार्पणानंतर सहा आठवड्यांनी, ११ मे २०२४ रोजी, स्कीन्स मेजर लीगमध्ये उतरला. मायनर लीगमध्ये त्याने जेमतेम ३४ इनिंग्ज टाकल्या होत्या. बढती म्हणाल तर विलक्षण वेगाने. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये साय यंग पुरस्काराचा मानकरी. फरक कागदावर दिसतो. क्लबकडे येण्यापूर्वी स्कीन्सने महाविद्यालयीन बेसबॉलचे तीन हंगाम पूर्ण केले होते आणि २०२३ च्या एकाच हंगामात लुइझियाना स्टेट विद्यापीठासाठी १२० हून अधिक इनिंग्ज टाकल्या होत्या. ट्रिपल-ए मध्येही त्याच्या चेंडूंची संख्या मोजून-मापून वाढवली गेली. एका जोडीवरून सिद्धांत मांडता येत नाही. शरीराची ठेवण आणि नशीब यांचाही वाटा असतो. तरी एवढे म्हणता येते की बढतीचा वेग हा मुद्दा दुय्यम आहे. बढतीच्या दिवशी खेळाडूच्या अंगात किती चेंडूंची शिदोरी जमा आहे, हा पहिला.

याच पायरेट्सने नोव्हेंबर २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले होते. ‘मिलियन डॉलर आर्म’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतून ते पुढे आले. त्याआधी दोघांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. ४ जुलै २००९ रोजी ते नवोदितांच्या लीगमध्ये उतरले. दिनेशचा करार दोन हंगामांनंतर संपुष्टात आला. रिंकू पायरी-पायरीने सिंगल-ए पर्यंत चढला आणि २०१२ च्या हंगामानंतर दुखापतींनी त्याला रोखले. २०१८ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीच्या मनोरंजनाकडे वळला. क्लबने त्यांच्याबाबत घाई केली नाही, हे नोंदवायला हवे. पण विसाव्या वर्षी सुरू झालेल्या हाताला शिडीची सगळी वर्षे मिळाली नाहीत.

महाराष्ट्राचा अनुभव या चर्चेत भर घालतो. श्रीरामपूरचा झहीर खान चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तयार झाला, बडोद्याकडून रणजी खेळला आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये नैरोबीत भारतासाठी उतरला. पुढे दुखापतींनी आणि फॉर्मने त्याला मागे ढकलले. २००६ मध्ये वूस्टरशायरसाठी काउंटी क्रिकेटचा पूर्ण हंगाम टाकून ७८ बळी घेतल्यावरच त्याच्या कारकिर्दीचा दुसरा आणि उजवा भाग सुरू झाला. म्हणजे शिडीची पायरी त्याने वर गेल्यावर परत येऊन चढली. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या उमेश यादवच्या हाती चामड्याचा चेंडू विशीच्या उंबरठ्यावर आला. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०१० मध्ये एकदिवसीय आणि २०११ मध्ये कसोटी, हा प्रवास संथ म्हणता येणार नाही. पण तो झाला तेव्हा हाडे पक्की झालेली होती. विदर्भाचा हा पहिला कसोटीपटू ५७ सामन्यांत १७० बळी घेऊन गेला.

दिल्लीचाच ईशांत शर्मा मात्र या सगळ्या नियमांना अपवाद. एका रणजी हंगामाच्या बळावर मे २००७ मध्ये, अठराव्या वर्षी, तो ढाक्याला कसोटी खेळला आणि १०५ कसोटींत ३११ बळींपर्यंत गेला. झहीरचे बळीही बरोबर तेवढेच, ९२ कसोटींत. तेव्हा आयपीएल सुरू व्हायची होती आणि चेंडू टाकायचा तो बहुतेक लाल. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सला तीच वाट फळली नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला, प्रथम श्रेणीचे केवळ तीन सामने खेळून, तो अठराव्या वर्षी उतरला, दुसऱ्या डावात ७९ धावांत सहा बळी घेऊन सामनावीर झाला आणि त्यानंतरची कसोटी त्याला मार्च २०१७ मध्ये रांचीत मिळाली. मधली पाच वर्षे मुख्यतः पाठीने खाल्ली.

कमिन्सचा देश त्या पाच वर्षांत त्याच्याकडे लक्ष ठेवू शकला, कारण त्याच्या षटकांचा हिशेब एका मंडळाकडे होता. बेसबॉलमध्ये तो क्लबकडे असतो. मेजर लीगमध्ये आल्यानंतर साधारण सहा वर्षे खेळाडूवर क्लबचा हक्क राहत असल्याने हात जपण्यात त्याचा स्वार्थच आहे. (त्याच स्वार्थापोटी हक्काचे वर्ष वाचवण्यासाठी तयार खेळाडूला खाली अडकवून ठेवण्याचे प्रकारही घडतात.) भारतात वेगवान गोलंदाजाचे वर्ष तीन मालकांत विभागलेले असते. राज्य संघटना, आयपीएलचा संघ आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे बंगळुरूतील केंद्र. त्याखालच्या वयात तर शाळा, खासगी अकादमी आणि शनिवार-रविवारच्या स्पर्धा यांत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किती चेंडू टाकतो, हे बहुधा त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असते. गुरुग्रामसारख्या शहरात, जेथे अकादम्या भरपूर आणि फी महाग, तेथे गोलंदाजीची वही ठेवण्याचा आग्रह पालकांनीच धरावा लागतो.

मंडळाने काही पावले उचलली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आकाश दीप, विजयकुमार वैशाख, उमरान मलिक, यश दयाल आणि विद्वत कावेरप्पा यांना वेगवान गोलंदाजांचे स्वतंत्र करार देण्यात आले; त्यामागे या गोलंदाजांवर वर्षभर एकाच छत्राखाली लक्ष ठेवण्याचा विचार होता. हरियाणाच्या अंशुल कंबोजने २०२२ मध्ये रणजीत प्रवेश करून, नोव्हेंबर २०२४ मध्ये लाहलीच्या मैदानावर केरळविरुद्ध एका डावात दहाही बळी घेऊन आणि मग जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला कसोटी खेळून शिडीची सरळ वाट दाखवली. मँचेस्टरमध्ये त्याला ८९ धावांत एकच बळी मिळाला, हेही खरे.

सप्टेंबर २०२५ मधील मंडळाच्या वार्षिक सभेत आणखी एक निर्णय झाला. सोळा व एकोणीस वर्षांखालील खेळाडूंना आयपीएलसाठी पात्र ठरायचे असेल तर प्रथम श्रेणीचा किमान एक सामना खेळलेला असावा. हाच निकष २०२४ मध्ये मयंक यादवला लावला असता, तरी तो पात्रच ठरला असता. त्याचा तो एक सामना तेव्हा खेळून झाला होता.