सँडो बनियनपासून कुरुंदवाडच्या बारबेलपर्यंत

बिनबाह्यांच्या बनियनला मराठीत ‘सँडो’ म्हणतात. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईकही म्हणते. हा सँडो कोण, असे मात्र सहसा कुणी विचारत नाही. सँडो हा एक माणूस होता, आणि जिममध्ये आरशासमोर उभे राहणाऱ्या प्रत्येकावर त्याचे थोडेफार ऋण आहे. हा धागा त्याच्यापासून सुरू झालेल्या एका फारकतीचा आहे. बघण्यासाठी कमावलेले शरीर एका वाटेने कसे गेले, वजन उचलण्यासाठी कमावलेले दुसऱ्या वाटेने कसे गेले, आणि महाराष्ट्रात ही दुसरी वाट महानगराऐवजी कृष्णाकाठच्या एका लहान गावात का रुळली, याचा हा शोध.

विषय जुना, पण निमित्त आजचे. वाशी, नेरूळ, खारघरच्या जिममध्ये ‘सोमवारी छाती, मंगळवारी पाठ’ असे वार लावून वर्षानुवर्षे व्यायाम केलेले तरुण आता स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि त्यापुढे जाऊन स्नॅच शिकू पाहतात. ही इंटरनेटवरून आलेली नवी लाट आहे, असा सर्वसाधारण समज. इतिहास पाहिला तर ही जुन्याच घराकडे वळलेली पावले आहेत.

यूजेन सँडोचा जन्म १८६७ सालचा, प्रशियातील कोनिग्सबर्गचा. आरंभी तो रंगमंचावर अचाट वजने उचलून दाखवी. १८९३ साली शिकागोत फ्लोरेन्झ झीगफेल्ड या व्यवस्थापकाच्या ध्यानात आले की, सँडोने किती वजन उचलले यापेक्षा उचलताना त्याचे स्नायू कसे दिसतात याकडे प्रेक्षकांचे डोळे अधिक लागलेले असतात. मग कार्यक्रमातच शरीरदर्शनाला जागा मिळाली. वजन साधन झाले, शरीर साध्य. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सँडोने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षक तिघे: स्वतः सँडो, शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल आणि चार्ल्स लॉज नावाचे शिल्पकार. शिल्पकाराला बोलावले यातच त्या स्पर्धेचे मर्म आहे.

गंमत अशी की, पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येही बळ आणि रूप यांची सरमिसळ होती. १८९६, अथेन्स. दोन्ही हातांनी वजन उचलण्याच्या स्पर्धेत डेन्मार्कचा व्हिगो येन्सेन आणि ब्रिटनचा लॉन्स्टन एलियट या दोघांनीही १११.५ किलो उचलले. बरोबरी सोडवायची कशी? ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज यांनी येन्सेनची उचल अधिक डौलदार ठरवली आणि पहिला क्रमांक त्याला दिला. एका हाताच्या स्पर्धेत एलियटने ७१ किलो उचलून भरपाई करून घेतली. हा एलियट सँडोच्याच हाताखाली तयार झालेला!

१९०४-०५ साली सँडो भारताच्या दौऱ्यावर आला, पण त्याची पद्धत त्याच्या आधीच इथल्या वाड्यांत पोहोचली होती. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांचे पाहून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढचे सारे आयुष्य त्याच प्रसाराला दिले. सँडोला मागे टाकणाऱ्या नामवंत मराठी माणसांत त्यांचा क्रम बराच वरचा लागावा. त्यांना हवे होते आरोग्य. वजन त्यांनी खाली ठेवले ते कायमचेच.

तालमीचे तर्कशास्त्र आणखी निराळे. जोर, बैठका, मुद्गल, करेला, मध्ये मूठ कोरलेला जड दगडी नाल, ही सारी सामग्री कुस्तीसाठी. बळाची परीक्षा समोरचा मल्ल घेई. भिंतीवर मारुतीची तसबीर असे. आरशाला तिथे काही काम नव्हते, ते काम वस्तादांची नजर करी. हा सारा व्यवहार मराठीने किती गांभीर्याने घेतला होता, ते दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यात संपादित केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड हाती घेतले की कळते. व्यायामावर दहा खंड! आजच्या ‘फिटनेस’ साहित्याला हे जड जाईल.

आता थोडे जगाकडे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शरीरसौष्ठव आणि भारोत्तोलन एकाच छपराखाली नांदत होते. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाच्या त्या वेळच्या फ्रेंच नावातच ‘शरीरसंवर्धन’ हा शब्द होता. १९४७ साली फिलाडेल्फियात जागतिक भारोत्तोलन स्पर्धेच्या जोडीनेच ‘मि. युनिव्हर्स’ भरली. जिंकला स्टीव्ह स्टँको. १९४१ साली तीन प्रकारांत मिळून एक हजार पौंडांची बेरीज गाठणारा तो पहिला भारोत्तोलक. पुढे पायांच्या शिरांच्या विकाराने त्याची मोठी वजने सुटली आणि तो मंचाकडे वळला. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धांच्या वेळीही ‘मि. एशिया’ निवडला गेला. मान भारताच्या परिमल रॉय यांना मिळाला.

या एकत्र कुटुंबाचा सर्वांत देखणा वारस म्हणजे टॉमी कोनो. जपानी वंशाचा हा अमेरिकी मुलगा दम्याने बेजार असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या स्वतःच्याच नागरिकांना छावण्यांत डांबले. त्या छावणीत त्याने पहिल्यांदा वजनांना हात लावला. १९५२ आणि १९५६ चे ऑलिंपिक सुवर्ण, १९६० चे रौप्य, आणि त्याच काळात तीन वेळा ‘मि. युनिव्हर्स’. एकाच शरीराने दोन्ही घरे राखली. आज असे उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि त्याचे कारण व्यक्तींत नसून संस्थांच्या इतिहासात आहे.

१९४६ साली माँट्रियलमध्ये वायडर बंधूंनी शरीरसौष्ठवाचा स्वतंत्र महासंघ काढला होता. मासिके, खुराकाचे डबे, उपकरणे अशी मोठी बाजारपेठ त्याच्या पाठीशी उभी राहत गेली. निर्णायक वर्ष १९७२. म्युनिक ऑलिंपिकनंतर भारोत्तोलनातून ‘प्रेस’ हा प्रकार वगळला गेला. उभ्याने, पाय न हलवता बार खांद्यावरून डोक्यावर रेटायचा, असा हा प्रकार; खेळाडू पाठीत इतके मागे वाकू लागले की ग्राह्य काय नि अग्राह्य काय, हे ठरवणे परीक्षकांना अशक्य झाले. त्याच वर्षी महासंघाच्या नावातून शरीरसंवर्धन गळाले, आणि त्याच वर्षी स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट या तीन प्रकारांच्या पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघही जन्मला. एका घराच्या तीन चुली झाल्या. ‘प्रेस’ हा जिममधल्या सामान्य व्यायामाला ऑलिंपिकशी जोडणारा दुवा होता. तो तुटल्यावर दंड-खांदे कमावणाऱ्याला त्या मंचावर दाखवण्यासारखे फारसे उरले नाही.

उरले दोनच प्रकार. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका ओघात थेट डोक्यावर जातो. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर, मग डोक्यावर. प्रत्येकी तीन संधी, आणि दोन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज. मोठे वजन हातांच्या जोरावर डोक्यापर्यंत जात नाही. पाय आणि कंबर त्याला वर उडवतात, आणि ते क्षणभर हवेत तरंगते तेवढ्यात खेळाडू स्वतः त्याच्याखाली खोल बैठकीत शिरतो. घोटा, कंबर, खांदा यांची लवचीकता आणि क्षणाचा अचूक अंदाज, यांवर सारे अवलंबून. शरीरसौष्ठवाचा सराव याच्या जवळपास उलटा असतो. एकेका स्नायूला वेगळे काढून, सावकाश, दहा-बारा आवर्तनांनी थकवायचे. म्हणूनच शंभर किलोचा बेंच प्रेस लीलया करणाऱ्याच्या हाती इथे आधी रिकामा बार येतो, कधी नुसती लाकडी काठी. बेंच प्रेसला या खेळात काडीचे गुण नाहीत. शरीराला हे समजायला काही महिने लागतात, अभिमानाला थोडे अधिक.

मुंबईने शरीरसौष्ठवाचीच वाट का धरली? एक कारण मंचाचे. ‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’, ‘भारत श्री’ या किताबांना गर्दी, शिट्ट्या आणि रोख बक्षिसे होती. पोझ देणाऱ्याला पाहताना प्रेक्षकाला नियम समजून घ्यावे लागत नाहीत. दुसरे कारण अगदी साधे, जमिनीचे. भारोत्तोलनाला चार मीटर बाय चार मीटरचा भक्कम लाकडी प्लॅटफॉर्म हवा, कारण डोक्यावरचे वजन शेवटी खाली पडणारच. चाळीच्या माडीवरच्या किंवा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या व्यायामशाळेत शंभर किलोचा बार दिवसातून पन्नास वेळा आदळू लागला, तर खालचे बिऱ्हाड किती दिवस ऐकून घेईल? महानगरातल्या दाटीने खेळाची निवड केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. जमिनीचा हा प्रश्न आज नवी मुंबईतही जागच्या जागी आहे.

अर्थात नवी मुंबईत ओझी उचलली जात नव्हती असे नाही. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलले, त्यांच्याबरोबर माथाडीही आले. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले आणि १९६९ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. यांतले बहुसंख्य सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यातले. कांदा-बटाट्याची पोती पाठीवर घेणाऱ्या माणसाचे पाय आणि कंबर जे करतात, ते डेडलिफ्टपासून फार दूर नाही. फरक इतकाच की, तिथे तीन संधींनंतर थांबता येत नाही. खेळाच्या इतिहासकारांनी या बळाकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही.

आणि त्याच पट्ट्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, कुरुंदवाड आहे. पटवर्धनांचे जुने संस्थान, कोल्हापूर जिल्ह्यातील लहानसे गाव. तिथल्या व्यायामशाळेचे नाव ‘हर्क्युलस जिम’. नाव थेट सँडोच्या युगातले. आत मात्र स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धांत गणेश माळी यांनी ५६ किलो गटात, ओंकार ओतारी यांनी ६९ किलो गटात आणि चंद्रकांत माळी यांनी ९४ किलो गटात कांस्यपदक मिळवले. तिघेही कुरुंदवाडचे. एका गावाला एकाच राष्ट्रकुल स्पर्धेत तीन पदके, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक वाचकांनी त्या वेळी गावाचे नाव पहिल्यांदा ऐकले.

हे तिथे का घडले? तळमजल्याची जागा, कुस्तीने तयार केलेली पायांची संस्कृती, आणि पिढ्यानपिढ्या एकाच खेळाला चिकटून राहिलेले प्रशिक्षक. त्याहून मोठे कारण भाकरीचे. भारोत्तोलन ऑलिंपिकमध्ये आहे. शरीरसौष्ठव आशियाई स्पर्धांतही फक्त २००२ आणि २००६ या दोन खेपांना होते. रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांच्या भरतीत पदकाला किंमत असते. लहान गावातल्या मुलासाठी स्नॅच म्हणजे पक्क्या नोकरीची वाट. शरीरसौष्ठवाचा खुराक महाग, आणि किताब मिळाला तरी पुढे काय, हा प्रश्न घरचे विचारतातच.

या वाटेला पवित्र मानण्याचे मात्र कारण नाही. उत्तेजकांचा डाग दोन्ही घरांवर आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दोन भारतीय महिला भारोत्तोलक चाचणीत दोषी ठरल्या आणि त्या काळात देशाच्या भारोत्तोलनावर बंदीची नामुष्कीही आली.

तरीही वाट वाहती राहिली. सांगलीचा संकेत सरगर, पानटपरी आणि चहाचा गाडा चालवणाऱ्या घरातला. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅम, ५५ किलो गट. स्नॅच ११३, जर्क १३५. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो पेलताना त्याचे कोपर दुखावले. तरी तो तिसऱ्यांदा त्याच वजनाखाली गेला आणि पुन्हा अपयशी ठरला. बेरीज २४८, मलेशियाच्या अनिक कसदानची २४९. रौप्य, एका किलोने.

सँडोच्या जगात स्त्रियांना जागा नव्हती. भारोत्तोलनानेही ती उशिराच दिली: पहिली महिला जागतिक स्पर्धा १९८७ ची, ऑलिंपिक प्रवेश २००० चा, सिडनीत. तिथे कर्णम मल्लेश्वरी यांनी ११० आणि १३० किलो उचलून कांस्य जिंकले. त्यानंतर बावीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये, ग्रीसच्या हेराक्लिऑन शहरात कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा भरली. पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळची हर्षदा गरुड ४५ किलो गटात उतरली. स्नॅच ७० किलो, क्लीन अँड जर्क ८३, बेरीज १५३. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय. दुसऱ्या क्रमांकावर तुर्कस्तानची खेळाडू होती, १५० किलोंवर.